दोरीच्या पलीकडचा उतार

रत्नागिरीत बर्फ बघायचा तर मिरकरवाडा बंदरावर जायचं. लाद्या फोडून केलेला चुरा तिथे फावड्याने मासळीवर टाकतात. उन्हाळ्यातला गोळेवाला सोडला तर आपला बर्फाशी संबंध तिथेच संपतो. तरी हल्ली दर जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीतलं कोणी ना कोणी काश्मीरला गेलेलं असतं आणि गुलमर्गहून फोटो येतात. भाड्याचे बूट, भाड्याचं जाकीट, पायाला स्की आणि चेहऱ्यावर 'आता थांबायचं कसं' असा भाव. बहुतेक जण खालच्या सपाटीवर दोन तास पडतात, उठतात, चहा पितात आणि परत येतात. पण एखाद्याला नाद लागतो. तो दुसऱ्यांदा जातो, तिसऱ्यांदा जातो, बऱ्यापैकी वळायला-थांबायला शिकतो. मग कधीतरी गंडोल्याच्या वरच्या टोकाला त्याला एक कोरा पांढरा उतार दिसतो, ज्यावर कोणाच्याही स्कीचा माग नाही. हा लेख त्या उताराबद्दल आहे.

एरवी मी इथे कोकणातल्या दरडींवर लिहिते, कारण पीएचडीचा विषय तोच. मग मध्येच स्कीइंग कुठून आलं? तर उतारावरचा एखादा थर अचानक का सुटतो, ह्या प्रश्नावर बर्फाच्या अभ्यासकांनी फार चांगलं काम करून ठेवलंय. ते वाचल्याशिवाय माझं पान पुढे सरकत नाही. आणि वाचताना जाणवतं की ज्यांना हे खरंच माहीत असायला हवं, त्या आपल्या हौशी पर्यटकांपर्यंत ह्यातलं फारसं काही पोचत नाही.

आधी दोन शब्द. स्कीइंगसाठी आखलेली, यंत्राने दाबून सारखी केलेली, खुणा लावलेली आणि राखलेली वाट म्हणजे पिस्ट. मूळ शब्द फ्रेंच. त्या वाटेबाहेर, नैसर्गिक पडलेल्या बर्फावरून उतरणं म्हणजे ऑफ-पिस्ट. दोन्हीकडे बर्फ पांढराच आणि उतार कधीकधी अगदी तेवढाच. मधे फार तर एक दोरी किंवा बांबू रोवलेले असतात. तरी भौतिकशास्त्राच्या नजरेने ह्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

सुरुवात घसरण्यापासून करू. स्की बर्फावर घसरते कशी, ह्याचं शाळेत ऐकलेलं उत्तर म्हणजे 'दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो'. जरा आकडे घालून बघू. दाब एका वातावरणाएवढा वाढला तर बर्फाचा वितळबिंदू साधारण ०.००७५ अंश सेल्सिअसने खाली येतो. ७५ किलोचा माणूस, दोन स्की, प्रत्येक १.७ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद असं धरलं तर दाब येतो एका वातावरणाच्या जेमतेम तीन टक्के. म्हणजे वितळबिंदू उतरणार अंशाच्या दहा हजाराव्या भागांत. बर्फाच्या मोजक्या टोकांवरच स्की टेकते आणि तिथे दाब जास्त असतो हे खरं, पण उणे दहा अंशांतलं घसरणं समजावायला तेही पुरत नाही. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज ह्या दोघांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला, जवळपास साडेतीन हजार मीटर उंचीवर, प्रयोग केले आणि सांगितलं की मुख्य काम घर्षणाच्या उष्णतेचं आहे. घासल्याने उष्णता, उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा, आणि त्यावरून घसरण. म्हणूनच फार कडक थंडीत, उणे तीसच्या आसपास, बर्फ वाळूसारखा खरखरीत लागतो, कारण पापुद्रा नीट तयारच होत नाही.

ह्या पापुद्र्यामुळे घर्षणांक ०.०५ च्या आसपास येतो. म्हणजे किती कमी? घाटरस्त्याला साधारण २० ला १ असा चढ ठेवतात, जेमतेम तीन अंश. आंबा घाटात बर्फ पडला असं समजा (कल्पना करायला पैसे पडत नाहीत), तर रस्त्याच्या त्या उतारावर स्की सुटायच्या बेताला आलेली असेल. १५ अंशांच्या उतारावर हवेचा अडथळा सोडून दिला तर पाच सेकंदांत वेग होतो ताशी ३७ किलोमीटर. नवशिक्याच्या चेहऱ्यावरच्या त्या भावामागे हे गणित आहे. थांबायचं तर टाचा बाहेर ढकलून स्कीच्या कडा बर्फात रुतवायच्या, किंवा वळून उताराला आडवं व्हायचं. घसरायला काही करावं लागत नाही. दोन-तीन दिवसांच्या शिकवणीत शिकवतात ते मुख्यतः थांबणं.

आता पिस्ट कशी बनते ते बघा, कारण इथे मिरकरवाड्याचा बर्फ पुन्हा कामाला येतो. क्रेटमधला बर्फाचा चुरा काही तास तसाच राहिला की त्याचा एक गठ्ठा होतो आणि मग तो फोडावा लागतो. दोन बर्फाचे तुकडे टेकवून ठेवले की चिकटतात, ह्याकडे मायकेल फॅरडेने १८५० मध्येच लक्ष वेधलं होतं. वितळबिंदूच्या इतक्या जवळ असताना बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. ते सरकत, उडत, दोन दाण्यांच्या सांध्यात जाऊन जमतात आणि तिथे एक मान तयार होते. ह्याला सिंटरिंग म्हणतात. नुकता पडलेला भुरभुरीत हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. पट्ट्यांवर चालणारं अवजड यंत्र रात्री त्यावरून फिरतं, थर मोडतं, मिसळतं आणि दाबतं. मग रात्रभर दाणे एकमेकांना जुळत जातात. सकाळपर्यंत त्याच हिमाची घनता चारशे-पाचशेच्या घरात गेलेली असते आणि वरपासून खालपर्यंत तो सगळा एकजीव झालेला असतो.

एकजीव हा शब्द लक्षात ठेवा. पिस्टवर स्की छान चालते हा तिचा वरवरचा फायदा झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे यंत्राने तिथले थर मोडून टाकलेले असतात.

पिस्टला रंग देतात. युरोपात निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड, आणि काही देशांत सगळ्यात सोपीसाठी हिरवी. ऑस्ट्रिया-जर्मनीच्या मानकांत निळ्या वाटेचा उतार साधारण २५ टक्क्यांपर्यंत म्हणजे १४ अंश, लाल वाटेचा ४० टक्क्यांपर्यंत म्हणजे २२ अंश असतो. त्यापुढची काळी. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. ह्या सगळ्या खुणा एवढंच सांगतात की इथे तुम्हाला कितपत कौशल्य लागेल. पायाखालचा बर्फ सुटेल का, हे त्या सांगत नाहीत. ती जबाबदारी वाट राखणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते. दोरी ओलांडली की ती तुमच्याकडे येते, आणि गंमत म्हणजे ओलांडताना काहीच वेगळं जाणवत नाही. उलट जास्त छान वाटतं. रुंद स्की मऊ हिमात तरंगल्यासारख्या चालतात, आवाज बंद होतो. ज्यांनी केलंय ते सांगतात की त्यासारखं सुख नाही, आणि मला ते खोटं वाटत नाही.

मग पलीकडे काय असतं? थर. हिवाळाभर हिम एकसारखा पडत नाही. एक वादळ येतं, अर्धा मीटर टाकून जातं. मग आठ-दहा दिवस आकाश निरभ्र. मग दुसरं वादळ. काश्मीरमध्ये हे पश्चिमी विक्षोभांचं काम. प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा, आणि मधल्या निरभ्र दिवसांत एक गोष्ट गुपचूप घडते. जमिनीलगत हिमाचं तापमान शून्याच्या आसपास असतं आणि वरची हवा उणे पंधरा. थर पातळ असेल तर थोडक्या जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो. खालची वाफ वर सरकते, वाटेत दाण्यांवर गोठते, आणि गोल, जुळलेल्या दाण्यांच्या जागी टोकदार, सपाट पैलूंचे सुटे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे ओघळतात. तापमानाचा फरक मीटरमागे दहा अंशांहून जास्त झाला की हे सुरू होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे जी थंडी पिस्टवर दाणे जुळवते, तीच इथे ते सुटे करते. हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोनदा वाचावा लागला होता. फरक कशाने पडतो, तर थंडी किती ह्यापेक्षा वर-खाली तापमानात फरक किती ह्याने.

आणखी एक प्रकार म्हणजे पृष्ठभागावरचं गोठलेलं दव. निरभ्र, शांत रात्री हिमावर पिसासारखे चकचकीत स्फटिक उगवतात. सकाळी उन्हात दिसतात सुंदर. त्यांच्यावर पुढचा हिम पडला की ते गाडले जातात आणि आठवडे टिकतात. आता तुमच्याकडे तीन गोष्टी झाल्या. खाली जुना घट्ट थर, मधे सेंटिमीटरभर जाडीचा साखरी थर, आणि वर वाऱ्याने चोपून बसवलेली, जुळलेली पाटी. वरून बघाल तर एकसंध पांढरं.

आता कोकणात या. आपल्याकडे सड्यावर वर जांभा, त्याखाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती, हे विहीर खणणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमागे कठीण खडकावर कुजून झालेल्या मातीचा जाड थर असतो. आठ-पंधरा दिवस धो धो पाऊस लागला की पाणी मुरतं, खडकापाशी अडतं, आणि दाण्यांमधला पाण्याचा दाब माती आतून उचलून धरतो. घर्षण कमी होतं आणि थर सुटतो. ३० जुलै २०१४ ला माळीण, जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये आणि आपल्या खेड तालुक्यातलं पोसरे, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणचे तपशील वेगळे, पण वर जड, खाली कमकुवत हा सांगाडा समान.

पण साम्य इथेच संपतं. दरडीखाली गेलेल्या माणसाने ती दरड पाडलेली नसते, तो घरात झोपलेला असतो. हिमस्खलनाचं उलटं आहे. स्कीइंग किंवा गिर्यारोहण करताना जे हिमस्खलनात मरतात, त्यांच्यापैकी सुमारे दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्यासोबतच्या कोणीतरी सोडवलेला असतो. वरून येऊन अंगावर कोसळलेला पांढरा लोंढा हे सिनेमातलं चित्र. प्रत्यक्षात माणूस पाटीच्या मधोमध उभा असतो, त्याच्या वजनाने खालचा साखरी थर चिरडतो, आणि तो ज्यावर उभा आहे ती सगळी पाटीच सुटते.

एवढ्याशा वजनाने शंभर मीटर रुंद पाटी कशी सुटते? सगळी पाटी हलवायचं बळ तुमच्यात नसतंच. तुम्ही फक्त एक तडा सुरू करता. साखरी थराचा एक तुकडा दबला की वरची पाटी तिथे किंचित खाली बसते, वाकते, आणि तिचा भार शेजारच्या दाण्यांवर पडतो. ते चिरडतात, मग त्यांच्या शेजारचे. एरवी तडा उघडतो, इथे तो मिटतो, म्हणून २००८ मध्ये हायर्ली आणि सहकाऱ्यांनी त्याला 'अँटिक्रॅक' म्हणजे उलटा तडा मानून सिद्धांत मांडला. ह्याने एक जुनं कोडं सुटलं. माणूस सपाट जागेवर असतानाही धप्प असा आवाज येतो आणि काही क्षणांनी दूरचा उतार सुटतो, तो कसा? तर तडा सपाटीवरूनही पळतो. घसरायला उतार लागतो, तडा पळायला लागत नाही.

ह्यापुढचा भाग मला फार आवडतो. २०१३ मध्ये डिस्नेचा 'फ्रोझन' आला. त्यातला बर्फ खरा वाटावा म्हणून गणितज्ञांनी एक संगणकीय पद्धत वापरली होती, जिच्यात पदार्थ कधी घनासारखा तुटतो आणि कधी द्रवासारखा वाहतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनावर काम करणारे योहान गोम ह्यांनी ती पद्धत उचलली, तिच्यात चिरडणाऱ्या थराचे नियम घातले आणि २०१८ मध्ये तडा सुरू होण्यापासून पाटी वाहत जाण्यापर्यंतचं सगळं एकाच गणितात दाखवलं. २०२२ मध्ये त्याच वाटेने आणखी एक गोष्ट पुढे आली. तीव्र उतारावर हा तडा काही मीटर धावला की त्याची चाल बदलते, तो मोठ्या भूकंपांतल्या भेगेसारखा पळायला लागतो, सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने. तुम्ही ताशी ४० ने उतरताय, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. 'सुटलं तर बाजूला काढीन' म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडून बघावेत.

उतार किती असला की धोका? पाटी सुटण्याची बहुतेक उदाहरणं ३० ते ४५ अंशांमधली, सर्वात जास्त ३८ च्या आसपास. त्याहून सपाट असेल तर पाटी सहसा घसरत नाही, फार खडा असेल तर हिम साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. घरातल्या साध्या जिन्याचा चढ ३०-३५ अंशांचा असतो, तो डोळ्यांसमोर आणा. तीस अंश म्हणजे कडा नव्हे. आणि वाईट योग असा की चांगल्या स्कीअरला ऑफ-पिस्टमध्ये जो उतार मजेचा वाटतो, तो नेमका हाच. डोळ्याने कोन ओळखायला जाऊ नका, बर्फावर तर मुळीच नाही. मोबाइलमध्ये कोनमापक असतं, स्की-काठीवर आडवा धरला की कळतं.

आता गुलमर्ग. गाव साधारण २६५० मीटरवर. गंडोल्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा २००५ मध्ये, तो अफरवटच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. जगभरातले पट्टीचे स्कीअर इथे येतात ते पिस्टसाठी नाही. यंत्राने दाबलेल्या वाटा इथे थोड्या आणि खालच्या बाजूला आहेत. ते येतात वरच्या मोकळ्या उतारांसाठी. गंडोल्याच्या तारेखालचा खोलगट भाग गस्ती पथक तपासतं, गरज पडली तर स्फोटकं लावून धोकादायक थर आधीच पाडतं. त्याच्या बाहेर, दोन्ही अंगांना, किलोमीटरच्या किलोमीटर मोकळा डोंगर, आणि तिथे पोचायला वर उतरून डावी-उजवीकडे थोडं चालावं लागतं, इतकंच. आल्प्समध्ये तिथवर जायला कौशल्याची जी चाळणी असते, ती इथे तिकिटाच्या रांगेने काढून टाकलीय, असं माझं मत.

ह्या डोंगराने इशारे दिलेले नाहीत असं नाही. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्ग भागात सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ती प्रशिक्षित माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हापतखुडच्या बाजूला पोलंडचे दोन स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. तारखा बघा, सगळा फेब्रुवारी. हिवाळाभराचे थर साचलेले असतात आणि वर ताजा, मोठा हिम पडतो. ताज्या हिमानंतरचा पहिला-दुसरा स्वच्छ दिवस स्कीइंगला सर्वांत सुंदर, आणि पाटी सुटायलाही तोच सर्वांत सोयीचा.

'आधी चारजण गेले, काही झालं नाही' हा युक्तिवाद दर वेळी होतो. साखरी थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. चौघे जिथून गेले तिथे पाटी मीटरभर जाड असेल, वजन खाली पोचलंच नसेल. पाचवा दोन हात बाजूने, पाटी पातळ असलेल्या कडेने जातो आणि तडा तिथून सुरू होतो. माग दिसतोय ह्याचा अर्थ फक्त एवढाच की तो माग पाडताना काही झालं नाही.

मग अंदाज कसा घेतात? खड्डा खणून. हिमात ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब मोकळा करायचा, वर फावडं ठेवायचं आणि हाताने थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला, कोणत्या थरावर आणि कसा तुटतो ह्याची नोंद करायची. पहिल्या दोन-चार हलक्या थापांतच खांब सपकन सरकला, तर उत्तर मिळालं. ही चाचणी बघून आमच्या सरांनी विचारलं, 'हे तू दरडीला का नाही करत?' मी म्हटलं, सर, माझी दरड तीस मीटर खोल असते. अर्थात ही थापांची चाचणीही त्या एका खड्ड्यापुरतीच खरी. म्हणून तिच्यासोबत त्या भागाचं बुलेटिन बघतात. आपल्याकडे हे काम डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था करते, पूर्वी मनालीला सासे म्हणून होती ती तिच्यात सामील झाली. धोक्याच्या पातळ्या पाच. तिसरी मधली म्हणून मध्यम असं समजू नका. पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सारख्या उंचीच्या नाहीत, दर पायरीला धोका कैक पटींनी वाढतो. युरोपात हिमस्खलनाचे कितीतरी बळी तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात, कारण चौथी-पाचवी दिसली की लोक मुळात घरीच थांबतात.

गाडलं गेल्यावर काय होतं तेही सांगते. वाहताना सैल असलेला हिम थांबताक्षणी घट्ट बसतो, त्यात बोटही हलत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ४२२ गाडल्या गेलेल्या स्कीअरच्या नोंदींवर १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९२ टक्के जगले, पस्तीस मिनिटांपर्यंत हा आकडा ३० टक्क्यांवर आला. खालून निघालेलं पथक पंधरा मिनिटांत पोचत नाही. पोचतात ते शेजारी असलेले सोबती, आणि तेही जवळ साधनं असतील तरच: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा शोधयंत्राचा संच प्रत्येकाच्या अंगावर, खुपसून बघायची लांब घडीची सळई, आणि फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे, आणि वापरायचा सराव झालेला. एकाकडेच फावडं आणि तोच खाली गाडला गेला, तर बाकीचे हाताने किती उकरणार?

तुम्ही गुलमर्गला जाणार असाल तर ह्यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. खालच्या सपाटीवर शिका, पडा, ते सगळं निर्धास्तपणे करा. जमायला लागल्यावर वर जायची इच्छा झाली तर त्या दिवशीचं बुलेटिन, गस्ती पथकाने कोणता भाग उघडलाय ते, आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण असलेला स्थानिक वाटाड्या, एवढं आधी जुळवा. सोबतचा माणूस साधनांशिवाय 'थोडंसंच बाहेर जाऊ' म्हणाला तर त्याला एकट्यालाही जाऊ देऊ नका. आणि स्की न करता नुसतं वर जायचं असेल तर गंडोल्याच्या शेवटच्या ठाण्यावर दोरीच्या आतून, आकाश मोकळं असेल तर, उत्तरेला नंगा पर्वत दिसतो.